दान म्हणतात, मग साडेतीन लाख कसले?

*ताई, मी 43 वर्षांची आहे, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते. यजमान 52 वर्षांचे. लग्नाला बारा वर्षे झाली. माझ्या स्वतःच्या बीजांवर दोनदा आयव्हीएफ केले. दोन्ही वेळा हाती काही लागले नाही. बीजांचा उरलेला साठा दाखवणारे एएमएच 0.3 आले आहे आणि डॉक्टरांनी आता दात्रीच्या स्त्रीबीजाचा, म्हणजे डोनर एगचा पर्याय सुचवला आहे. मनाची तयारी व्हायला आम्हाला सहा महिने लागले, पण ती झाली आहे. अडले आहे ते पैशापाशी. नौपाड्यातल्या एका केंद्राने 3,40,000 रुपयांचे पॅकेज सांगितले. वाशीच्या एका केंद्राने ‘1,95,000 पासून पुढे’ असे पत्रक हाती दिले. त्यातच एका बाईंचा फोन आला, की 80,000 रुपये रोख दिले तर त्या थेट दात्री मिळवून देतील, फोटोही दाखवतील. माझी 31 वर्षांची धाकटी बहीण म्हणते, मीच देते, तेवढे पैसे वाचतील. आमची तयारी साडेचार लाखांची आहे. त्यापुढे सोने मोडावे लागेल. दान म्हणतात, मग एवढे पैसे कशाचे? खरा खर्च कोणता आणि उगाच लावलेला कोणता, हे आम्ही कसे ओळखावे? दोन्ही केंद्रांच्या कागदांच्या प्रती सोबत जोडत आहे.*

*– एक वाचक, ऐरोली*

प्रिय भगिनी,

आपण दोन्ही कागद पाठवलेत हे फार बरे केलेत. नाहीतर मला नुसते अंदाजाने बोलावे लागले असते.

आधी ‘दान’ या शब्दाविषयी. आपल्या देशात स्त्रीबीजाची विक्री हा गुन्हा आहे, त्यामुळे आपण जे पैसे भरणार आहात ती बीजाची किंमत नव्हे, आणि कोणी ती तशी सांगू लागले तर तेथून उठून यावे. मात्र हे दान रक्तदानासारखे अर्ध्या तासात आटोपून, चहा-बिस्कीट घेऊन घरी परतण्याचेही नाही. आधी दात्रीच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस अशा तपासण्या होतात, सोनोग्राफीत तिच्या बीजांडकोशांची स्थिती पाहिली जाते. मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज पोटाच्या कातडीखाली हार्मोनचे इंजेक्शन, मधल्या काळात तीन-चार वेळा सोनोग्राफी, शेवटी बीजे पक्व करणारे एक इंजेक्शन आणि त्यानंतर सुमारे 35 तासांनी, भूल देऊन, सुईने बीजे काढून घेण्याची पंधरा-वीस मिनिटांची प्रक्रिया. हा सगळा खर्च एका निरोगी स्त्रीवर आपल्यासाठी होतो आणि तो आपणच उचलायचा असतो. त्यावर बीज आणि शुक्राणू यांचे मीलन घडवणारी प्रयोगशाळा, पाच दिवस गर्भ वाढवणे, आपल्या गर्भाशयात तो सोडणे, उरलेले गर्भ गोठवणे हा दुसरा, आपल्या बाजूचा खर्च. ‘पॅकेज’ या एका शब्दाखाली दोन स्त्रियांचे उपचार असतात. एका सायकलचे, म्हणजे उपचाराच्या एका पूर्ण खेपेचे, पैसे आपण दोनदा भरलेले असल्यामुळे हा आकडा आपल्याला अवाजवी वाटला असणार. तो मुळात एका स्त्रीच्या नव्हे, दोघींच्या उपचारांचा आहे.

खर्च वाढण्यात कायद्याचाही वाटा आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, ज्याला सगळे एआरटी कायदा म्हणतात, जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार दात्री 23 ते 35 वर्षांची असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते, तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेता येत नाहीत आणि एका दात्रीची बीजे एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाहीत. पूर्वी एकच स्त्री पुन्हापुन्हा इंजेक्शने घेत असे आणि एका खेपेची पंधरा-वीस बीजे दोन-तीन जोडप्यांत वाटली जात, त्यामुळे खर्चही वाटला जाई. तो आता एकाच जोडप्यावर येतो. म्हणून कोणी आपल्याला ‘शेअरिंगमध्ये निम्म्यात करून देतो’ असे सांगितले, तर ती सवलत नसून कायदेभंग आहे हे लक्षात असू द्यावे.

आता कागद. नौपाड्याच्या केंद्राचा कागद नीट आहे. 3,40,000 रुपयांत दात्री मिळवून देणाऱ्या नोंदणीकृत बीजबँकेचे शुल्क, दात्रीची औषधे, भूल, बीजे काढणे, तिचा विमा, प्रयोगशाळेचे काम, पाचव्या दिवसापर्यंत गर्भ वाढवणे, पहिले ट्रान्सफर, म्हणजे गर्भ आपल्या गर्भाशयात सोडणे, आणि उरलेले गर्भ एक वर्ष गोठवून ठेवणे इतके धरले आहे. आपली स्वतःची औषधे व रक्ततपासण्या वेगळ्या आहेत आणि गोठवलेल्या गर्भाचे पुढचे प्रत्येक ट्रान्सफर 45,000 रुपये आहे. वाशीच्या पत्रकावर 1,95,000 हा आकडा ठसठशीत आहे आणि तळाशी चांदणी करून, चष्मा लावून वाचाव्या अशा अक्षरांत ‘बँक शुल्क, ब्लास्टोसिस्ट, फ्रीझिंग, विमा व औषधे वेगळी’ अशी ओळ आहे; ब्लास्टोसिस्ट म्हणजे पाच दिवस वाढवलेला गर्भ. मागच्या पानावरचे दर मी त्यात मिळवून पाहिले: बँक शुल्क 95,000, पाचव्या दिवसापर्यंत वाढवण्याचे 18,000, गोठवण्याचे 22,000. बेरीज 3,30,000. दात्रीच्या विम्यापुढे आकडाच नाही. पुढचे ट्रान्सफर तिथे 60,000 रुपयांना आहे. म्हणजे पहिल्या खेपेत यश आले तर वाशी दहाएक हजारांनी स्वस्त, तेही विमा धरला नाही तर. दुसऱ्या ट्रान्सफरची वेळ आली तर नौपाड्याचे 3,85,000 आणि वाशीचे 3,90,000. दीड लाखाचा फरक वाटत होता, तो पान उलटल्यावर पाच हजारांवर आला. यावरून वाशीचे केंद्र वाईट ठरत नाही. डॉक्टर तिकडचे पटले असतील तर तिकडेच जावे, पण स्वस्त म्हणून जाऊ नये.

दुसऱ्या ट्रान्सफरचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जोडप्यांचा हिशेब तिथेच चुकतो. सात बीजे मिळाली असे धरा. ती सगळी पक्व असतीलच असे नाही; पक्व असलेल्यांपैकी सगळी फलित होत नाहीत, साधारण पाच होतील; आणि फलित झालेल्यांपैकी पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत, निम्म्याच्या आसपास टिकतात. दोन किंवा तीन चांगले गर्भ हाती आले तर ती खेप चांगली समजावी. तरुण दात्रीच्या बीजापासून झालेल्या चांगल्या गर्भाचे एक ट्रान्सफर यशस्वी होण्याची शक्यता आपल्या स्वतःच्या बीजांच्या मानाने कितीतरी अधिक असते, तरीही ती निम्म्याच्या आगेमागेच राहते. पहिल्यात यश येऊ शकते, तसे दुसऱ्यात किंवा तिसऱ्यातही येऊ शकते. तेव्हा साडेचार लाखांतील सगळी रक्कम पहिल्या दिवशी गुंतवू नये. दुसऱ्या ट्रान्सफरचे पैसे आणि त्या वेळची औषधे बाजूला काढून मगच पॅकेज ठरवावे. दोन्ही गर्भ एकदम सोडून ‘एकाच खर्चात काम करू’ असा मोह होईल. जुळ्यांची मुदतपूर्व प्रसूती आणि नवजात अतिदक्षता विभागातले दिवस यांचे बिल त्या वाचलेल्या 45,000 रुपयांना सहज गिळून टाकते, आणि 43 व्या वर्षी जुळी वाढवणे आपल्या शरीरालाही जड जाते, म्हणून याबाबत डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे.

यापुढचे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावेत, कारण तोंडी उत्तरे बिलाच्या खिडकीपाशी कुणाला आठवत नाहीत. बीजे ताजी असतील की बँकेत गोठवलेली? गोठवलेली असतील तर वितळवताना काही निकामी होतात, मग सात ही संख्या वितळवण्यापूर्वीची की नंतरची? दात्रीची सायकल मध्येच रद्द झाली किंवा बीजे कमी निघाली, तर भरलेल्यातले काय परत मिळेल? एकही गर्भ पाचव्या दिवसापर्यंत पोहोचला नाही तर? आणि आपल्या गर्भाशयाचे अस्तर त्या महिन्यात हवे तितके जाड झाले नाही, म्हणून सगळे गर्भ गोठवावे लागले, तर पॅकेजमधले ट्रान्सफर पुढच्या महिन्यात त्याच पैशांत होईल की 45,000 नव्याने? हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि असे प्रसंग काही थोडे येत नाहीत.

उपचार सुरू झाल्यावर कागदावर नसलेल्या गोष्टी सुचवल्या जातील: लेझरने गर्भाचे कवच पातळ करणे, गर्भाशयात पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त भाग सोडणे, गर्भ सोडण्याची वेळ ठरवण्यासाठी अस्तराची ईआरए तपासणी, गर्भाची जनुकीय चाचणी. युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांच्या ईएसएचआरई या संस्थेने 2023 मध्ये अशा जोड-उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतील बहुतेकांची सरसकट शिफारस करावी असा पुरावा तिला आढळला नाही. दात्री तिशीच्या आतबाहेरची असताना गर्भाची जनुकीय चाचणी नेमकी कशासाठी, हे तर अवश्य विचारावे. ‘माझ्या बाबतीत याची गरज का?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या रिपोर्टवर बोट ठेवून मिळाले तर करावे. ‘सगळ्यांनाच करतो’ असे मिळाले तर थांबावे.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये, आणि ते म्हणजे वाशीच्या पत्रकावरची ती रिकामी जागा. दात्रीसाठी बारा महिन्यांचा विमा काढून देणे ही कायद्याने बीज घेणाऱ्या जोडप्याची जबाबदारी आहे. बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साठणे, रक्तस्राव, संसर्ग असे त्रास क्वचितच होतात, पण झाले तर त्या स्त्रीला रुग्णालयात दाखल व्हावे लागते. मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करत असताना बीजे काढून झालेली एक मुलगी दुपारी बाकावर पोटाशी पिशवी धरून बसलेली मला दिसली होती. पिशवीत डबा होता. भूल पूर्ण उतरायची होती, पण ती घड्याळाकडे बघत होती, कारण संध्याकाळी पाचला तिच्या मुलाची बालवाडी सुटणार होती. तिच्यासोबत कोणी नव्हते, आणि रात्री पोट दुखले तर कुठे फोन करायचा हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. हा कायदा येण्यापूर्वीची ती गोष्ट. आपल्याला आपल्या दात्रीचे नाव कधी कळणार नाही आणि कळूही नये. पण तिचा विमा निघाला आहे, नंतरची तपासणी धरलेली आहे आणि तिला घरी सोडायला माणूस आहे, एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मी आपल्या जागी असते तर विम्याची प्रत पाहिल्याशिवाय पहिला हप्ता भरला नसता.

फोनवरच्या बाईंना उत्तर देण्याचीही गरज नाही. दात्री नोंदणीकृत बँकेमार्फतच यावी लागते. मध्यस्थामार्फत दात्री मिळवणे हाच मुळी गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी त्याला 5 ते 10 लाख रुपये दंड आहे, पुन्हा घडल्यास 3 ते 8 वर्षांचा कारावास. फोटो दाखवण्याची तयारी हीच त्या व्यवहाराची खूण समजावी, कारण खरी बँक दात्रीची ओळख गुप्त ठेवते. रक्तगट, उंची, वर्ण, शिक्षण अशी जुळवणीपुरती माहिती देते. केंद्राची नोंदणी आणि बँकेची नोंदणी ही दोन वेगळी प्रमाणपत्रे असतात, दोन्ही मागून पाहावीत, आणि पावती रोख रकमेचीसुद्धा घ्यावी.

आपल्या बहिणीचे मन मोठे आहे, यात शंका नाही, पण तिने दिल्यामुळे वाचणारी रक्कम तिला आणि आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे. इंजेक्शने, भूल, बीजे काढणे, विमा हे सगळे तिच्यासाठीही करावेच लागेल. वाचला तर बँकेच्या शुल्काचा काही भाग. शिवाय आजच्या कायद्याची मांडणी बँकेमार्फत, ओळख गुप्त ठेवून येणाऱ्या दात्रीची आहे, त्यामुळे केंद्रे बहिणीचे बीज घ्यायला सहसा तयार होत नाहीत. नात्यातल्या दानाचा गुंता कुठवर जाऊ शकतो हे पाहायचे असेल, तर ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण आठवावे: धाकट्या बहिणीने बीज दिले होते, थोरलीच्या संसारात बेबनाव झाला, आणि लहान जुळ्या मुलींना भेटण्यासाठी थोरलीला न्यायालयात जावे लागले. बीज दिल्याने आईपणाचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि थोरलीला मुलींना भेटण्याची मुभा दिली. आपल्या घरात असे काही होईल असे मी म्हणत नाही. दरवर्षी भाऊबीजेला एकाच ताटाभोवती बसणाऱ्या माणसांमध्ये काही गोष्टी न आणलेल्याच बऱ्या, इतकेच माझे म्हणणे आहे.

कर आणि विमा यांबद्दल थोडक्यात. वाशीच्या पत्रकावर ‘कर वेगळा’ असे आहे, त्याबद्दल अवश्य विचारावे, कारण केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात आयव्हीएफ व तत्सम उपचार आरोग्यसेवेतच मोडतात आणि जीएसटीमुक्त आहेत असे स्पष्ट केले आहे. औषधांच्या दुकानातल्या बिलाची गोष्ट वेगळी. आरोग्य विम्याचे म्हणाल तर नेहमीच्या पॉलिसीत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात, वगळण्याच्या प्रमाणित यादीतले ते 17 वे कलम. मात्र आपण ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करता असे लिहिले आहे. काही कंपन्यांच्या गट विम्यात मर्यादित रकमेपर्यंत हा खर्च मिळतो, तेव्हा आपल्या आणि यजमानांच्या, दोन्ही कार्यालयांतल्या मनुष्यबळ विभागाला एक ईमेल लिहून पाहावा. ईमेलमध्ये कारण सविस्तर सांगण्याची गरज नाही, पॉलिसीची पूर्ण प्रत मागितली की पुरते.

सोन्याबद्दल माझे मत विचारलेत तर मोडू नये. फारच लागले तर दुसऱ्या ट्रान्सफरच्या वेळी बँकेत तारण ठेवावे. केंद्राच्या खिडकीपाशीच मिळणारे ‘नो-कॉस्ट ईएमआय’ घेण्यापूर्वी रोखीने भरल्यास किती सूट आहे हे विचारले, की त्या शून्य व्याजाचे मोल कळते. सगळी रक्कम उपचारातच संपवू नये, कारण त्यापुढे नऊ महिने आणि बाळंतपण आहे. चाळिशीनंतर रक्तदाब व साखरेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, सिझेरियनची शक्यताही वाढते. उपचारांपूर्वीच ईसीजी, टूडी एको, मॅमोग्राफी सांगितली जाईल. ती टाळू नये.

वेळेचाही एक हिशेब आहे. कायद्याने उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 50 च्या आत आणि पुरुषाचे 55 च्या आत असावे लागते. गोठवलेला गर्भ अधिक काळ टिकला तरी यजमान आज 52 वर्षांचे आहेत, म्हणजे आपल्या हातात सात नव्हे, जेमतेम तीन वर्षे आहेत. दुसऱ्या मुलाचा विचार मनात असेल तर गर्भ ठेवण्याचे वार्षिक भाडे त्या बेताने भरावे, उगाच दहा वर्षांचे एकरकमी भरू नये.

आणि गर्भ राहिल्यानंतरची एक बारीकशी गोष्ट, जी विसरल्यामुळे मी लोकांचे हजारो रुपये आणि चार रात्रींची झोप गेलेली पाहिली आहे. तिसऱ्या महिन्यात डबल मार्करची रक्ततपासणी होते आणि तिच्या अर्जावर वय विचारलेले असते. बाळातील गुणसूत्रदोषाची जोखीम बीजाच्या वयावरून मोजतात, म्हणून तिथे दात्रीचे बीजे काढतानाचे वय भरायचे असते, आपले 43 किंवा 44 नव्हे. आपले वय भरले तर अहवाल विनाकारण लाल येतो आणि त्यामागून महागड्या तपासण्या सुरू होतात. केंद्राकडून डिस्चार्जचा कागद घेतानाच त्यावर दात्रीचे वय लिहून घ्यावे आणि सोनोग्राफीच्या फाइलमध्ये पहिल्याच खणात ठेवावे.